हवेची वाट

“अजून मोठी करू का, मामा?”

सासऱ्यांनी इंजिनाच्या हेडात डोकावून पाहिलं. मग अनारशांचं ताट पुढं सरकवलं.

कोल्हापुरात हेडकाम, म्हणजे इंजिनाच्या माथ्यातल्या हवेच्या वाटा घासायचं काम, म्हटलं की रामलिंग लोहारांचं नाव निघे. त्यांच्या हातून गेलेली जुनी डिझेल गाडी घाटात धापा टाकत नसे. संग्राम त्यांचा नवा जावई. लग्नानंतरच्या पहिल्याच अधिक महिन्यात सासुरवाडीला जेवायला आला, तो इंजिनाचं हेड मांडीवर घेऊन एसटीनं.

संग्रामच्या जुन्या गाडीची घाटातली शर्यत तोंडावर आली होती. हे हेड बिघडलं की गाडी कायमची बसली, कारण त्या गाडीचं दुसरं हेड आता कुठं मिळत नव्हतं.

हवा आत जायच्या चार वाटा. त्यातली एक संग्रामनं ग्राइंडरनं ऐसपैस करून घासली होती.

“आरशासारखं तोंड दिसतंय बघा आत.”

“दिसतंय की. अनारसा घ्या.”

“काही चुकलंय का?”

“जावयाचं कसं चुकेल?”

...

संग्रामनं अनारसा ताटात परत ठेवला. सकाळपासून हेच चाललं होतं. काही विचारावं, की ताटात काहीतरी पडे.

“मामा, मला जावई म्हणून नको. हाताखाली घ्या.”

“अधिकात?”

“आत्ता.”

मामांनी त्याच्या पुढचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

“ऊठ.”

जावयाला असं कुणी उठवत नाही. संग्राम उठला, आणि उठताना त्याला फार बरं वाटलं.

मामांनी हेड कामाच्या टेबलावर ठेवलं. व्हॉल्व्ह उघडा धरला. खाली पारदर्शक नळी लावून ती घरातल्या धूळ ओढायच्या मशीनला जोडली. मशीन घोंघावू लागलं.

“ही उदबत्ती. धर तोंडाशी.”

हात न लावलेल्या वाटेत धूर बरा गेला. चकचकीत वाटेत मात्र तो आळसावून शिरला, वळणाशी भिंत सोडून घुटमळला, आणि नळीत नुसताच पसरला.

“गेलं हेड...” संग्राम म्हणाला.

मामांनी मेणाचा गोळा मळला. त्या ऐसपैस वाटेच्या तळाला, वळणाच्या अलीकडे, दाबून बसवला. अंगठ्यानं त्याला गोलाई दिली.

“बुजवताय?”

“धर.”

धूर सुतासारखा ओढला गेला. वळणाला अंग चिकटवून खाली उतरला आणि नळीत गरगर भोवरा धरून फिरू लागला.

संग्रामनं उदबत्ती लांब नेली, परत आणली. परत तेच. राख पायावर पडली तरी त्याला भान नव्हतं.

“अरुंद केली तर जास्त ओढतंय, भोवराही धरतंय; डिझेल हवेत मिसळायला तोच तर लागतो... मामा, मेण इंजिनात टिकायचं नाही, पण वेल्डिंगची भर घालून हाच आकार देता येईल. म्हणजे हेड वाचलं. म्हणजे शर्यत...”

“श्वास घे.”

संग्रामनं घेतला. पण हात टेबलावरच्या ग्राइंडरकडे गेलाच.

“मग बाकीच्या तिन्हींचं काय करू? तोंडं तशीच ठेवू? वळण तेवढं घासू? सांगा ना.”

मामांनी ग्राइंडर त्याच्या हातातून काढून घेतला आणि नवी उदबत्ती पेटवून दिली.

“मला काय विचारतोस? मीही तुझ्यासारखाच हेडाच्या बाहेर उभा आहे.”