मारुतीचा पाट

"मग उद्या देऊन टाकतोस घर?" मठाच्या ओसरीवर बसलेल्या बुवांनी विचारलं.

"देतो. कोंबड्यांचं खाद्य साठवायला मागतोय एकजण." मुकुंदाची मान खाली होती.

घर गोदू सुतारणीचं. जात्यावर ओव्या रचणारी बाई, मरून जमाना झाला. आंबेदऱ्यात, तिच्याच गावात, कुणाला तिचं नावही ठाऊक नव्हतं. मुकुंदानं तिचं पडकं घर विकत घेतलं, शाकारलं. दर चैत्रात शहरातून वाचक आणायचे आणि तिच्याच ओट्यावर तिच्या ओव्या म्हणायच्या, असा त्यानं परिपाठ घातला. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलंय. तो म्हणायचा, तुम्हांला काय कळतंय! गर्व होताच त्याला. का नसावा? दुसऱ्या कुणाला सुचलं होतं?

पण पहिल्या वर्षी गाडीभर आलेली मंडळी जेवली, फोटो काढले आणि जवळपास धबधबा आहे का, असं विचारत निघून गेली. पुढं निम्मीच आली. यंदा गाडी आली ती नुसता ड्रायव्हर घेऊन. रांधलेला झुणका कुत्र्यांच्या पुढ्यात गेला. बायको म्हणाली, मेलेल्या बाईपायी जितीचा संसार उघड्यावर आणलात. ते मात्र मुकुंदाच्या काळजात रुतून बसलं.

सगळं त्यानं बुवांना सांगितलं. लहानपणी त्याच्याकडून अक्षर गिरवून घेतलं होतं ते बुवांनीच. 

पोथीची वेळ झाली तसे ते उठून आत गेले. मुकुंदा मागोमाग गेला. मठात तिसरं कुणी नव्हतं. एके काळी इथं पाय ठेवायला जागा नसे, आता भिंतींना ओल आली होती. बुवांनी समोर पाट मांडला, रामाची पोथी सोडली. मुकुंदा आपल्याच दुःखात. तो मटकन पाटावर बसला...

आणि चटका बसल्यासारखा उठला. रामकथा वाचताना पाट मांडतात तो मारुतीसाठी. तो ऐकायला येतो म्हणतात. तिथं माणसानं बसायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"चुकलो, बुवा."

बुवांनी उपरण्यानं पाट पुसला, पुन्हा सरळ मांडला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, कारण मुकुंदाच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"इथंही कुणी येत नाही, बुवा. मग वाचता कुणासाठी?"

बुवांनी पाटाकडे बोट केलं.

"इतकी वर्षं मांडताय..." मुकुंदानं पाटाकडे पाहिलं. "खरं सांगा. येतो का तो?"

बुवांनी पान उलटलं. 

"कुणास ठाऊक," ते म्हणाले. "वाचताना मान वर करून मी कधी बघितलं नाही."