एक घास चिऊचा

एकदा एक शिष्य आपल्या सात वर्षांच्या लेकीला घेऊन गुरूंच्या दारी आला. गुरू वृद्ध वैद्य होते आणि शिष्यही पंचक्रोशीत नावाजलेला. पण पोटच्या पोरीचा उजवा कान आतून सडत गेला नि या गृहस्थाला पत्ता नाही! उशी पुवाने भिजली, तेव्हा कुठे कळलं.

गुरूंनी दोन्ही कान तपासले. "डावा शाबूत आहे. उजव्याने तिला आता ऐकू यायचं नाही."

शिष्य कळवळून म्हणाला, "पण गुरुजी, पोरीनं एका शब्दानं तरी सांगायचं होतं हो!"

दुपारी लेक पडवीत झोपली. शिष्याने कसंबसं जेवण उरकलं, तोच गुरूंनी पुन्हा भात कालवला आणि स्वतःच्या हाताने त्याला भरवू लागले. "हा घास चिऊचा. हा काऊचा."

शिष्य ओशाळला. गुरुजींना म्हातारचळ तर लागला नाही ना?

"पुरे, गुरुजी. पोट भरलं."

"कुठं भरलंय? मला दिसतंय ना! हा मनीमाऊचा."

"खरंच भरलं हो!"

"शहाणा ना तू? आ कर."

शेवटी शिष्याला उमासा आला आणि त्याने तोंडावर हात धरला.

गुरूंनी ताट बाजूला सारलं. "लेकीला असंच भरवलंस ना? घास चिऊचा, घास काऊचा. तिचा कुठला रे? ती पुरे म्हणाली, तू म्हणालास भरलं नाही. ती रडली, तू म्हणालास काही दुखत नाही. आतून येणारी हाक खोटी असते, हे तिला तूच शिकवलंस. मग कानाची हाक तिनं खरी कशी मानावी?"

शिष्याला रडू आवरेना. "आता काय करू?"

"तिला विचार, आणि तिचं उत्तर येईपर्यंत गप्प बस. फार उशीर झालाय बाबा. कदाचित येणारही नाही."

परतीच्या वाटेवर ऊन होतं. लेकीची पावलं अडखळू लागली. बाप तिच्या डाव्या बाजूला आला आणि म्हणाला, "दमलीस का गं?"

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बाबा, मी दमले का?"

उत्तर त्याच्या जिभेवर आलं होतं. ते गिळून तो वाटेच्या कडेच्या दगडावर बसला. ती उभीच होती, त्याच्या तोंडाकडे पाहत.