आडवी शेपटी

एक रान होतं, आणि त्या रानात एक साधा दिवस होता. रान अजून आहे.

त्या दिवशी दुपारी बाबा आणि मी कोठाराच्या छताला उलटे चिकटून माश्या पकडत होतो. आम्ही पाली. कोठार म्हणजे टेकडीच्या पोटातली गुहा. चैत्रात सगळ्या रानाने मोहफुलं वेचायची, वाळवायची, तिथे आणून टाकायची आणि थंडीत रानात काही उरलं नाही की सगळ्यांनी थोडी थोडी खायची, असा जुना रिवाज होता. आम्ही स्वतः मोह खात नाही. मोहावर येणारे किडे खातो. त्यामुळे कोठार कमी होत चाललंय हे सगळ्यांत आधी आम्हाला कळलं. किडे कमी झाले.

खाली कोणीतरी काहीतरी ओढून ओढून खात असल्याचा आवाज येत होता. अस्वल खातं तेव्हा ओठांची नळी करून खातं. तो आवाज पलीकडच्या टेकडीवरही ऐकू जातो. रानात त्याला वारा म्हणायची पद्धत होती.

"वारा फार सुटलाय," मी म्हणाले.

"हं," बाबा म्हणाले. "उद्या सभेत विचारतो."

"कोणाचं नाव घेणार?"

"नाव कशाला? नाव घेतलं की भांडण होतं. प्रश्न विचारला की निदान विचार तरी होतो."

तेवढ्यात एक माशी मिळाली. "तू खा," बाबा म्हणाले, "मला भूक नाही." एकच माशी असली की बाबांना कधीच भूक नसायची. मी खाल्ली. ऊन छतापर्यंत चढलं, मग उतरलं. त्या दिवसात याहून वेगळं काही घडलं नाही.

आता राजाविषयी. नाव चंद्रकोर महाराज, जातीने अस्वल. छातीवर पांढरी कोर होती. ती जन्मजात होती, पण ती त्यांनी पराक्रमाने मिळवली असं पाठ्यपुस्तकात होतं.

आणि सभेविषयी. रानात कोणी भुंकतं, कोणी किंचाळतं, कोणी नुसतंच फुत्कारतं. तोंडी उत्तरांनी गोंधळ होतो. म्हणून पूर्वजांनी ठरवलं होतं की हो-नाहीचं उत्तर शेपटीने द्यायचं. वर केली तर हो. खाली सोडली तर नाही. आणि आडवी धरली तर 'प्रश्न नीट विचारा'. आडवी शेपटी दिसली की विचारणाऱ्याने खाली बसायचं, प्रश्न दुरुस्त करायचा आणि पुन्हा उभं राहायचं. यात वेळ फार जाई. पूर्वजांकडे वेळ होता.

अस्वलाची शेपटी केवढी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. तीही केसांत दडलेली. त्यामुळे महाराजांचं उत्तर आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. याला त्यांचं गांभीर्य समजत.

महाराजांच्या वतीने सायाळबाई बोलत. हुद्दा सवालमंत्री. अंगभर काटे. कोणत्याही बाजूने जवळ गेलं तरी एक तरी टोचायचाच. त्यांचे प्रश्नही तसेच होते.

सभेत बाबा सागाच्या खोडावर चढले आणि म्हणाले, "कोठारातली मोहफुलं कमी झाली आहेत. थंडी तोंडावर आली. कशी कमी झाली, ते कळेल का?"

सायाळबाई उठल्या. काटे फुलवले, पुन्हा बसवले.

"बंधूंनो, भगिनींनो आणि अंड्यांनो! भिवाजीभाऊंनी फार छान प्रश्न विचारला. आता मी विचारते. भिवाजीभाऊ मोह खातात का? नाही! ज्याने जन्मात मोह चाखला नाही, त्याला मोहाची कसली कळकळ?"

टाळ्या.

"आणि कोठाराच्या छताला अष्टौप्रहर चिकटून कोण असतं? भिवाजीभाऊ! मग मोह कोणी फस्त केला, हे मी वेगळं सांगायला हवं का?"

पुन्हा टाळ्या. पहिल्या वाक्यात बाबा मोह चाखतही नव्हते. दुसऱ्यात सगळा खाऊन बसले होते. दोन्हींच्या मध्ये फक्त टाळ्या होत्या.

"मागच्या राजाच्या काळात बांबू फुलला, उंदीर माजले, अर्धं रान उपाशी मेलं. तेव्हा का नाही विचारलंत? तेव्हा कुठे होतात, भिवाजीभाऊ?"

"तेव्हा माझा जन्म झाला नव्हता."

"पळवाट!" एक वानर ओरडलं.

"महाराज गादीवर आल्यापासून सूर्य उगवला नाही असा एक तरी दिवस गेला का? सांगा!"

सशांच्या अंगावर काटा आला. खरंच एकही दिवस तसा गेला नव्हता.

"तर आता मी सरळ, साधं, एका ओळीत विचारते," सायाळबाई म्हणाल्या. "भिवाजीभाऊ, कोठारातली मोहफुलं चोरणं तुम्ही आता तरी थांबवलंय का? हो की नाही?"

बाबांनी विचार केला. त्यांना विचार करायला वेळ लागे, आणि तो ते सगळ्यांसमोर घेत. शेपटी वर करावी तर थांबवलंय, म्हणजे आजवर चोरत होते. खाली सोडावी तर अजून चोरताहेत. त्यांनी शेपटी आडवी धरली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आडवी शेपटी बऱ्याच जणांनी लहानपणी आजोबांच्या तोंडून फक्त ऐकली होती.

मागच्या फांदीवरून आमच्या शेजारच्या वच्छलाकाकू, जातीने खार, हळूच म्हणाल्या, "काऊन डोक्याले तरास करून घेता, भाऊजी? वर करा अन् घरी चला. माह्यी पाहा, आपोआपच वर असते."

"वहिनी, त्यांनी प्रश्न चुकीचा विचारलाय."

"अवो, मंग तुम्ही चुकीचं उत्तर द्या ना! फिट्टंफाट."

बाबा हसले. शेपटी तशीच राहिली.

"पाहिलंत?" सायाळबाई म्हणाल्या. "ही आडवी शेपटी! शेजाऱ्याच्या डोळ्यात गेली तर? कोवळी पिल्लं बसली आहेत इथे. मी तातडीचा ठराव मांडते. आडवी शेपटी आजपासून बंद."

"आडव्या शेपटीने आजवर किती डोळे गेले?" एका टिटवीने विचारलं.

"एकही नाही."

"मग?"

"मग काय, पहिला डोळा जायची वाट पाहायची? टिटवीताई पिल्लांच्या बाजूच्या आहेत, की आंधळेपणाच्या?"

टिटवीची शेपटी वर गेली. सगळ्यांच्या गेल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. आणि बाबांची शेपटी ठरावाच्या आधीपासून आडवी असल्यामुळे ते पहिले गुन्हेगार ठरले.

दोन मुंगसं पुढे आली. त्यांना मदतनीस म्हणत. ज्यांना शेपटी वर करायला जड जातं, त्यांना ती मदत करत. एकाने बाबांना खोडाशी दाबलं, दुसऱ्याने शेपटी पकडून वर उचलायला सुरुवात केली. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी शेपटी सोडून दिली.

पालीला हे येतं. अस्वलाला येत नाही.

बाबा शांतपणे खोडावरून उतरले आणि घराकडे निघाले. शेपटी सभेच्या दगडावर पडली होती आणि उड्या मारत होती. वर, खाली, आडवी, पुन्हा वर. सायाळबाईंनी वाट पाहिली. ती वर गेली त्या क्षणी त्या ओरडल्या, "हो! भिवाजीभाऊंनी हो म्हटलं!"

"आता खाली गेली," टिटवी म्हणाली. सवय जायला वेळ लागतो.

"तो उत्साह आहे," सायाळबाई म्हणाल्या.

पालीची थंडीची शिदोरी शेपटीत असते. खाल्लेलं सगळं तिथे साठतं आणि किडे मिळेनासे झाले की तेच पुरवून पुरवून वापरायचं असतं. सभा मार्गशीर्षात झाली. मी होते नव्हते ते किडे आणून देत होते, पण मोहच नव्हता, तर किडे कुठून येणार? एकदा त्यांनी विचारलं, "पुढची सभा कधी?" मी सांगितलं. "बरं," ते म्हणाले. पौषात ते गेले.

त्या थंडीत रानाची खूप प्रगती झाली.

कोठाराच्या चौकशीसाठी वटवाघळांची समिती नेमली गेली. त्यांनी छताला उलटं लटकून पाहणी केली आणि कोठाराचा वरचा भाग अगदी तळापर्यंत सुस्थितीत असल्याचा निर्वाळा दिला. सशांची शेपटी जन्मतःच वर असते, म्हणून त्यांना आदर्श नागरिक जाहीर केलं. बेडकांना शेपटी नसते, म्हणून त्यांचं 'नाही' आलं नाही, आणि 'नाही' आलं नाही त्याअर्थी 'हो' आहे, असं ठरलं. ज्यांची शेपटी वर राहून राहून दुखे, त्यांच्यासाठी वानरांनी वेलीने बांधून देण्याचा धंदा काढला. सकाळी पिल्लांना रांगेत उभं करून म्हणवून घेत: 'ज्याची शेपटी वर, त्याचंच हे घर!' पिल्लं मोठ्या आवाजात म्हणत. उपाशी पोटी आवाज घुमतो.

वच्छलाकाकूंचं धाकटं पिल्लू त्या थंडीत राहिलं नाही. काकू सभेत गेल्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की वाट्याची मोहफुलं कधी मिळतील.

"आई असून लेकराला उपाशी ठेवताना तुम्हाला लाज नाही वाटली?" सायाळबाईंनी विचारलं. "हो की नाही?"

काकूंची शेपटी आपोआपच वर होती.

त्यानंतर काकू आमच्याकडे येऊन बसत. एकदाच म्हणाल्या, "भाऊजी बरोबर होते जी. फिट्टंफाट होत नाही."

फाल्गुनात मोहाला कळ्या धरल्या. फर्मान निघालं की यंदा प्रत्येकाने दुप्पट फुलं वेचायची. कोणीतरी भीत भीत म्हणालं, कोठार तर भरलेलं आहे ना? सायाळबाई म्हणाल्या, "भरलेलं कोठार पुन्हा भरायची ज्यांच्यात जिद्द नाही, त्यांनी या रानात राहावंच कशाला?" आणि वेचणीचा उत्साह वाढावा म्हणून माझ्या बाबांचं स्मारक करायचं ठरलं.

बाबांचं म्हणजे शेपटीचं. ती सायाळबाईंनी जपून ठेवली होती. वाळून कडक झाली होती. सभेच्या मधोमध एका वारुळावर डिंकाने ती चिकटवली होती, टोक वर करून. खाली पाटी होती: 'स्वेच्छेने होकार देणारे पहिले नागरिक'. अनावरणाला मला बोलावलं होतं. सगळं रान आलं होतं. महाराज उंच दगडावर बसले होते. थंडीत सगळं रान वाळलं होतं. ते वाळले नव्हते.

मी त्या शेपटीकडे पाहिलं. ती इतकी सरळ कधीच नव्हती. छतावर चालताना ती डावीकडे वळायची, आणि मी लहान असताना तिच्यामागून चालले की मला वाट सापडायची.

"बंधूंनो, भगिनींनो आणि अंड्यांनो!" सायाळबाई म्हणाल्या. "भिवाजीभाऊ आणि महाराज यांच्यात मतभेद होते, असा अपप्रचार काही जण करतात. ज्यांचं एकमत होतं, त्यांच्यात मतभेद कसे असतील?" टाळ्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज मऊ केला. तोही टोचला.

"बाळ, तुझ्या वडिलांनी अखेरच्या दिवसांत महाराजांना मनापासून होकार दिला. याचा तुला किती अभिमान वाटतो? फार, की अतिशय? फार असेल तर शेपटी जराशी वर कर. अतिशय असेल तर अगदी वर."

मुंगसं माझ्या दोन्ही बाजूंना उभी होती.

मी सभेकडे पाहिलं. टिटवीने नजर खाली केली. सशांनी मान डोलवली, कारण ते नेहमीच डोलवतात. वच्छलाकाकू माझ्याकडे बघत होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी आपली शेपटी दोन्ही हातांनी धरून खाली दाबली होती.

बाबांचा प्रश्नांवर विश्वास होता. त्यांना वाटायचं, चांगला प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. मलाही तसंच वाटत आलं होतं. पण ती सगळी थंडी मी सभेच्या मागच्या ओळीत बसून ऐकलं होतं. आम्ही एक प्रश्न विचारला की त्यांच्याकडे दहा तयार असत, आणि प्रत्येकात आमचंच उत्तर आधी घालून ठेवलेलं असे. त्या सभेत प्रश्नांची मुळीच टंचाई नव्हती.

म्हणून मी काही विचारलं नाही. शेपटी वर केली नाही, खाली केली नाही. तोंड उघडलं. शेपटीने द्यायचं उत्तर सभेत आजवर कोणी तोंडाने दिलं नव्हतं, त्यामुळे ते बंद करायचा ठराव अजून झालेला नव्हता. पालीचा आवाज लहान असतो, पण सगळे गप्प असले की पुरतो.

"माझ्या बाबांनी हो म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. "मोहफुलं महाराजांनी खाल्ली."

सभेत एकालाही आश्चर्य वाटलं नाही.