उतरलेली फुलं

एका डोंगरी संस्थानात महाराजांच्या आत्या, आक्कासाहेब, वैधव्य आल्यावर माहेरी परतल्या होत्या. देवळामागे त्यांनी जास्वंदीची बाग लावली. शेण आणि पालापाचोळा खड्ड्यात कुजवून त्याचं खत त्या झाडांना घालत. गणपतीला रोज तिथूनच टोपलीभर लालभडक फुलं जात.

नवे दिवाण त्र्यंबकराव यांच्या डोळ्यांत तो खड्डा खुपू लागला. एके सकाळी ते थेट महाराजांनाच घेऊन आले आणि काठीनं खत उचकत म्हणाले, "ही घाण खाऊन वाढलेली फुलं देवाच्या माथ्यावर? खड्डा बुजवा, बाग मोडा!"

आक्कासाहेबांचा आवाज चढला नाही.

"दिवाणजी, काठी मागे घ्या. वरचा थर निर्माल्याचा आहे. कालच आपण या फुलांपुढे हात जोडले होते."

काठी मागे आली, पण दिवाण हटेनात. "माथ्यावर होती तोवर मान. उतरली की कचराच!"

आक्कासाहेबांनी वरच्या थरातलं एक कोमेजलेलं फूल उचललं. मग म्हणाल्या, "उतरायचं तर सगळ्यांनाच असतं, दिवाणजी. ही फुलं उतरली की उद्याच्या फुलांना पोसतात. आपली पगडी उतरेल, तेव्हा आपण कुणाच्या कामी याल?"

महाराजांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाणांचा हात नकळत पगडीकडे गेला होता.

खड्डा राहिला. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर निर्माल्याची परडी घेऊन दिवाण स्वतःच तिथं आले. जोडे त्यांनी लांबच काढून ठेवले होते.