खिओनीची कानटोपी

मी खिओनी. दूर ग्रीस देशातल्या डोंगरावर राहते. मी बर्फाची देवी आहे!

फार मोठी नाही हं. सशाएवढी.

मला देऊळ? नाही. आरती? तीही नाही. मला आहे एक लाल कानटोपी. बर्फाच्या देवीचेच कान गार पडतात. हसू नका!

एकदा वारा आला. फूऽऽऽ! टोपी उडाली. ऑलिव्हच्या झाडावर अडकली. मी उड्या मारल्या. टुणुक टुणुक! हात काही पुरेना.

"झाडा झाडा, टोपी दे."

"मला तहान लागलीय. झऱ्याचं पाणी आण, मग फांदी वाकवीन."

मी बर्फ तुडवत निघाले. कुरूम कुरूम, कुरूम कुरूम.

"झऱ्या झऱ्या, वाहा ना! झाड टोपी सोडेना, माझे कान गारगार!"

"मी गोठलोय. ऊन आण, मग वाहीन."

कोणी गोठवलं झऱ्याला? अं... मीच. सकाळी. जरा जास्तच झालं.

कुरूम कुरूम, कुरूम कुरूम.

"सूर्यदादा, ऊन दे ना! झरा वाहेना, झाड टोपी सोडेना, माझे कान गारगार!"

"ढग आडवा आलाय. त्याला हलव, मग ऊन देईन."

ढगाला कोणी बोलावलं? तेही मीच!

कुरूम कुरूम, कुरूम कुरूम.

"ढगा ढगा, हल ना! ऊन पडेना, झरा वाहेना, झाड टोपी सोडेना, माझे कान गारगार!"

"पोट फार भरलंय. वाऱ्याने ढकललं, तर हलेन."

वारा म्हणजे माझे बाबा. ते खडकामागे बसले होते. तोंड फिरवून. गाल फुगवून.

"बाबा, फुंक ना! ढग हलेना, ऊन पडेना, झरा वाहेना, झाड टोपी सोडेना, माझे कान गारगार!"

"हूं! सकाळी मी म्हटलं, टोपीचे बंद बांध. तू काय म्हणालीस?"

"देवी बंद बांधत नाहीत."

"आणि टोपी उडाल्यावर?"

"बाबा वाईट. बाबाशी कट्टी."

मला रडूच आलं. कान गार, नाक गार, आणि बाबाशी कट्टी! मी दोन बोटं पुढे केली.

"चुकले मी. बट्टी?"

"बट्टी!"

बाबांनी फुंकलं. फूऽऽऽ! ढग हलला. ऊन पडलं. झरा वाहिला, खळखळ खळखळ. झाड पाणी प्यालं, गटगट गटगट. फांदी वाकली. टोपी पडली, टप्प! माझ्या डोक्यावर. तीही उलटी!

बाबांनी टोपी सरळ केली. मग बंद बांधले. श्वास रोखून, अगदी हळू. नाहीतर टोपी पुन्हा उडाली असती ना!

टोपी बसली, कट्टी सुटली, कानांना माझ्या ऊब मिळाली.

आता कोणी विचारलं, देवी बंद बांधतात का? तर मी सांगते, बाबा बांधतात. देवी गप्प उभी राहते.