वाऱ्यापुरती हाक

एकदा एका खोल दरीच्या दोन काठांवर दोन गावे नांदत होती. दरीच्या तळाशी नदी होती आणि घाटाने वळसा घालून जायला अर्धा दिवस लागे, म्हणून निरोप हाकेनेच जात. अलीकडच्या गावी हे काम एक वृद्ध गृहस्थ करीत आणि त्यांच्या हाताखाली एक तरुणी शिकत होती. तिचा आवाज असा खणखणीत, की झाडावरचे बगळे उडून जात. पलीकडे हाक ऐकणारा तरुणही तयारीचा. वर्षभर निरोप देता-घेता दोघांचे सूत जुळले आणि वडीलधाऱ्यांनी लग्नही ठरवून टाकले.

लग्नाच्या दिवशी सकाळी घाटात दरड कोसळली. वरचे दगड अजून सुटत होते आणि वऱ्हाड तर घाटानेच निघणार होते. नवरी हळदीच्या अंगाने कड्यावर धावली. वारा नुसता पिसाळला होता. तिने छाती भरून एका दमात हाक दिली, "घाटानं येऊ नका, दरड कोसळलीय, नदीवर उतरा, नावा पाठवतोय!"

पलीकडून मोठ्या उत्साहाने उत्तर आले, "घाटानं येतोऽ!"

वाऱ्याने नेमके 'येऊ नका' गिळले होते; पोहोचला तो फक्त घाट. तिने तोच निरोप आणखी घाईने, आणखी मोठ्याने सांगितला. उत्तर तेच.

तेव्हा वृद्ध पुढे झाले. "थांबाऽ!" एवढेच ओरडले आणि चक्क दगडावर बसले.

"गुरुजी, ते निघतील! बसलात काय?"

वृद्धांनी ओठांवर बोट ठेवले. पलीकडून पुसटसा "होऽ" आला. मग ते उठले. "घाट नकोऽ!" पुन्हा गप्प. पुन्हा "होऽ", जरा स्पष्ट. "नदीवर याऽ!" या खेपेचा होकार अगदी शेजारून दिल्यासारखा आला; वारा पडला होता. त्यासरशी वृद्धांनी एका श्वासात सारे उरकले, "दरड कोसळलीय, नावा पाठवतो, म्हाताऱ्यांना आधी बसवा, मुहूर्त टळत नाही, आणि विहीणबाईंना सांगा, जिलबी गरमच वाढू!"

पलीकडून हशा ऐकू आला आणि पाठोपाठ, "नावेनं येतोऽ!"

नवरीने डोळे पुसले. "गुरुजी, जीव टांगणीला होता तेव्हा एकेक शब्द, आणि घोर मिटल्यावर जिलबीसुद्धा! हे उलटंच झालं की."

वृद्ध हसले. "मुली, आवाज तुझाच मोठा आहे. पण किती बोलायचं, हे आपल्या घाईवर ठरत नाही. मधला वारा या घटकेला किती पोहोचू देतो, ते पलीकडचा होकार सांगतो. होकार क्षीण आला तर एक शब्द द्यावा आणि कान द्यावा. स्पष्ट आला की मग हात राखू नये. पडलेल्या वाऱ्यात चाचरत बसणं, हाही वेळेचा अपव्ययच. आणि वारा घडोघडी बदलतो. मघाचा होकार आत्ता कामाचा नाही."

दुपारी वऱ्हाड सुखरूप पोहोचले. नवरदेव घामाघूम, मुंडावळ्या कपाळाला चिकटलेल्या. नवरीपाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते: दरड, वारा, आपली उडालेली गाळण. तिने तोंड उघडलेही. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आधी पाणी घ्या."

बाकीचे तिने जेवणे आटोपल्यावर सांगितले. ते त्याने शब्दन् शब्द ऐकले.