राजा गुडघ्यांवर आला

आंबेकोंड नावाचं एक छोटं राज्य होतं. तिथं हैबतराव नावाचा हट्टी राजा होता, ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना चालवणारे याकोबबुवा होते, आणि बुवांची लेक दुर्कस होती. ती राजवाड्यातल्या जमिनी सारवायची आणि सारवताना डोळे उघडे ठेवायची.

एका रविवारी शिकारीहून परतताना राजाला मातीच्या एका घरातून गाणं ऐकू आलं. घोडा थांबवून तो दारात आला. आत दहा घरची ख्रिस्ती माणसं भुईवर बसलेली.

"काय बुवा, ही माणसं इथं कुणी जमवली?"

आता बुवांची तऱ्हा अशी, की धर्माचे बेचाळीस प्रश्न आणि त्यांची बेचाळीस उत्तरं त्यांना तोंडपाठ होती, पण ओळीनं. मधूनच कुणी काही विचारलं की बुवा पहिल्यापासून सुरू करायचे.

"देवानं," बुवा म्हणाले.

"देवानं? मग तुम्ही काय केलंत?"

"आम्ही पाप केलं."

"अरेच्चा! कधीपासून?"

"जन्मापासून, सरकार."

शिपाई पोट धरून हसले. राजाही हसला, पण त्याचं समाधान झालं नाही.

"पोपटपंची पुरे. मी ऐकलंय, तुमच्या प्रभूनं कमरेला पंचा बांधून आपल्याच शिष्यांचे पाय धुतले. खरं का?"

"खरं, सरकार."

"मग तो धनी कसला? पाय धुतो तो चाकर. तुम्ही चाकराला राजा म्हणता?"

बुवांनी बेचाळीसही उत्तरं मनातल्या मनात चाळली. हे त्यांत नव्हतं.

राजा म्हणाला, "आठ दिवस देतो. माझ्या राज्यातला असा एक तरी धनी मला दाखवा, जो आपल्याहून लहानापुढं भुईवर आला आणि तरी ज्याचा मान तसूभर कमी झाला नाही. पुस्तक आणायचं नाही, पाठ म्हणायचं नाही. जमलं नाही तर हे घर माझ्या घोड्यांच्या गवताला!"

त्याच घराच्या मागच्या खोलीत बुवांची चूल होती. म्हणजे प्रार्थनेची जागाही जाणार आणि डोक्यावरचं छप्परही.

राजा गेल्यावर दुर्कस म्हणाली, "बाबा, दरबारात मी जाते."

"तू? अगं, विश्वास काळजात ठेवायचा असतो, चव्हाट्यावर मांडायचा नसतो."

"कुंभाराकडून मडकं घेताना तुम्ही काय करता?"

"टिचकी मारून बघतो."

"कुंभार चिडतो?"

"ज्याचं मडकं पक्कं तो कशाला चिडेल?"

"मग सरकारांनी आपल्याला टिचकी मारली, तर आपणच का कुरकुरतो?"

बुवा हळूच म्हणाले, "जा. पण जीभ गोड ठेव."

"गूळ खाऊनच जाते."

आठव्या दिवशी दरबार भरला. दुर्कस आली ती हाताचं शेण धुऊन, पदर सावरत.

"तू एकटीच?" राजा म्हणाला. "धनी कुठाय?"

"दरबारातच आहे, सरकार. पण नाव घ्यायला अभय पाहिजे."

"दिलं."

"मी मनूबाईसाहेबांचं दालन सारवते." मनू म्हणजे राजाची चार वर्षांची लेक. "तीन दिवस झाले, ओल्या सारवणावर रोज ठसे उमटतात. दोन पंजे, दोन गुडघे. मला आधी वाटलं, वासरू शिरलं. पण वासरू काही पुढच्या पायात अंगठी घालत नाही."

दिवाणजींना एकदम खोकला आला. राजानं अंगठीचा हात शेल्याखाली घेतला.

"दासी सांगतात," दुर्कस पुढं म्हणाली, "घोडा खिंकाळल्याशिवाय बाईसाहेब दूध पीत नाहीत."

राजाचे कान लाल झाले.

"तो खेळ होता," तो गुरगुरला. "तिथं मी बाप असतो."

"खरंय. पण सरकार गुडघ्यांवर होते तेवढ्या वेळात गादीवर दुसरं कुणी बसलं का?"

"कुणाची छाती आहे!"

"मनूबाईसाहेबांनी सरकारांना बाप म्हणायचं सोडलं?"

"उलट गळ्यात पडली."

"मग मान कुठं कमी झाला? सरकारांनी मागितलेला धनी हाच. जो मोठा असतो त्यालाच खाली येता येतं. आम्ही तर आधीच भुईवर, आम्ही आणखी कुठं वाकणार?"

राजा हट्टी खराच. त्यानं शेवटची टिचकी मारली. "पोरी, मी वाकलो तो पोटच्या लेकीपुढं. तुमचा प्रभू वाकला तो चाकरांपुढं. दोन्ही एक कसं?"

दुर्कस म्हणाली, "तेच तर सांगायला आम्ही जमतो, सरकार. आम्हाला चाकर म्हणून हाक मारणारे पुष्कळ आहेत. लेकरू म्हणून आमच्यापुढं वाकणारा एकच भेटला."

राजा तिच्याकडं बघत राहिला, मग दिवाणजींकडं, मग आपल्या गुडघ्यांकडं. आणि असा हसला की पगडी सावरायला दोघं धावले.

"दिवाणजी, लिहा! ते घर या मंडळींचं, कायमचं. वर पक्की कौलं आपल्या खर्चानं. आणि या पोरीला नदीकाठचा मळा इनाम."

आणखी एक हुकूम राजानं तिच्या कानात दिला. बाईसाहेबांचं दालन यापुढं दुपारी सारवायचं, सरकार दरबारात असताना.

मग काय, नव्या कौलांखाली दहा घरं गाऊ लागली, आणि गाणं संपलं की एकमेकांना वेडेवाकडे प्रश्न विचारू लागली. याकोबबुवांना मधूनच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देता यायला पुरतं एक वर्ष लागलं. पण तोवर मळ्यात केळी लागली होती, विहिरीला बारमाही पाणी होतं, आणि बुवांच्या घरातून कुणी उपाशी परत जात नव्हतं.